काशिराम महाराजांचं वचन

पनवेलमध्ये के. पेंटरला ओळखत नाही असा जुना माणूस सापडायचा नाही. पण या के. पेंटरचं खरं नाव काशिराम आहे, हे त्याच्या बायकोला आणि रेशन दुकानदाराला सोडून फारसं कुणाला ठाऊक नाही. मूळचा तो उरणकडच्या कोळीवाड्यातला. लहानपणी वडिलांच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, देवीचं नाव रंगवता रंगवता हाताला वळण लागलं आणि मिसरूड फुटायच्या आत पोरगा पनवेलला येऊन पाट्या रंगवू लागला. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत एक शटर, आत रंगाचे डबे, वर राहायची खोली आणि तिला रस्त्यावर झुकलेली गॅलरी, एवढा त्याचा पसारा. त्यानं किराणा दुकानं रंगवली, दवाखाने रंगवले, रिक्षा, टेम्पो, डंपर रंगवले, निवडणुकीत एकाच भिंतीवर दोन्ही पक्षांना निवडून आणलं.

त्याची कामाची एक रीत होती. अक्षरं आधी काढायची आणि डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात मारायची. रेघ चालू असताना तो श्वाससुद्धा घेत नसे. तेवढ्यात जो कोणी त्याच्याशी बोलेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, मग तो गिऱ्हाईक असो नाहीतर खुद्द नगरसेवक.

मग फ्लेक्स आला. ज्यांना गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही असे दादा आणि भाऊ चौकाचौकात काळा चष्मा लावून लटकू लागले. काशिरामचा एकुलता एक मुलगा जीवन. हातात ब्रश धरायला बापाकडेच शिकलेला. त्यानं काळ ओळखला आणि फ्लेक्सचं मशीन घेतलं. इथवर काशिराम नुसता कुरकुरत होता. पण त्याच्या वाढदिवसाला जीवननं हौसेनं बापाचा फोटो, भोवती फुलं, वर 'हार्दिक शुभेच्छा' असा मोठा फ्लेक्स छापला आणि बांधला नेमका दुकानाच्या पाटीवर. ती पाटी काशिरामनं लग्नाच्या वर्षी स्वतः रंगवलेली होती. सकाळी खाली उतरलेल्या काशिरामला आपली पाटी दिसेना. त्यानं ब्लेड काढलं आणि स्वतःचा फोटो स्वतःच उभा फाडला.

"बाबा, तुमची अक्षरं आता कोणी वाचत नाही," जीवन म्हणाला. गल्ली ऐकत होती.

"मग जा दुसरीकडे आणि छापत बस," काशिराम म्हणाला. गल्ली अजून ऐकत होती, म्हणून जरा जोरातच म्हणाला.

जीवन बायकोला आणि मुलाला घेऊन खांदा कॉलनीत राहायला गेला. त्याला आता चार वर्षं झाली. "बरी जिरवलीत," असं गल्लीतले लोक म्हणाले, आणि काशिरामलाही आपण जिंकलो असंच वाटलं. तसं वाटून घ्यायला माणसाला काय लागतं! त्याची बायको भामा दर रविवारी वडाळे तलावावर जाऊन नातवाला, आर्यनला भेटून येई. आल्यावर जीवनच्या घरी काय काय चाललंय ते भांडी घासता घासता मोठ्यानं सांगे. काशिराम पेपर वाचत बसे आणि पान मात्र उलटत नसे.

गेल्या डिसेंबरात किशोरी मॅडम दुकानात आल्या. जवळच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "काका, शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवायची आहे. आमच्या शाळेतून फौजेत गेलेल्या मुलांची नावं, आणि वर मोठ्या अक्षरात एक सुविचार. मला ब्रशचं काम हवंय. कमिटी फ्लेक्स लावा म्हणते."

ब्रशचं काम म्हटल्यावर काशिरामनं खुर्ची पुसली, चहा सांगितला. एवढी मोठी भिंत त्याच्या वाट्याला कितीतरी वर्षांत आली नव्हती.

"वचन मात्र आम्हाला हेच हवंय," असं म्हणून मॅडमनी मोबाईल पुढे धरला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचे, डोक्यामागे तेजाचं वर्तुळ असलेले एक साधुपुरुष बसले होते आणि त्यांच्या बाजूला लिहिलं होतं: 'लढाई कोणी जिंकली ते नंतर बघू, आधी घरी कोण कोण आलं ते सांगा.' खाली एक आडवी रेघ आणि नाव: संत काशिराम.

हे वचन काशिरामनं पन्नास ठिकाणी पाहिलं होतं. पनवेलच्या निम्म्या रिक्षांच्या पाठीवर ते आहे. खाली 'काशिराम' असतं हेही त्यानं पाहिलं होतं आणि आपल्या नावाचे कोणी महाराज होऊन गेले असतील म्हणून सोडून दिलं होतं.

"हे संत कुठले, कुठल्या शतकातले, काही पत्ता लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "कमिटीला खाली खरं नाव आणि काळ पाहिजे. तुम्ही जन्मभर वचनं रंगवताय, म्हणून विचारायला आले. महिनाअखेर कळलं तर बरं, नाहीतर ते लोक दुसरं काहीतरी छापून लावतील."

काशिराम त्या मोबाईलकडे बघत राहिला. साधूकडे नाही, रेघेकडे. नावाआधी अशी रेघ, तिला शेवटी किंचित वरचा झोक. ही त्याची सही होती! पूर्वी कामाच्या कोपऱ्यात 'के. पेंटर, पनवेल' असं लिहायला जागा नसली की तो एक रेघ मारून नुसतं 'काशिराम' लिहायचा.

"मॅडम," तो म्हणाला, "हा संत बहुतेक मीच आहे."

मॅडम आधी हसल्या आणि मग खरंच खूश झाल्या. "म्हणजे वचन तुमचं! मग प्रश्नच मिटला. तुमचं पूर्ण नाव लिहू, सव्वीस जानेवारीला सत्कार करू."

आता इथे दुसरा कोणी असता तर शाल कुठल्या रंगाची आवडेल ते सांगून मोकळा झाला असता. काशिरामलाही क्षणभर मोह झाला, नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या अक्षराला आपलं म्हणायचं नाही, हे त्यानं जन्मभर पाळलं होतं. "नाही मॅडम. मी नुसतं रंगवलं. बोललं कोण ते शोधतो," तो म्हणाला.

रात्री जेवताना त्यानं भामाला हे सांगितलं. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. "संत!" ती म्हणाली. "पोराला घराभायेर काडनारा संत! आवो, आरती लिवून घ्या एक." मग हसू थांबलं आणि तिनं पुढचा भात वाढला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शोध सुरू केला. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही खडीच्या डंपरवर वाचलं, आवडलं, घेतलं. डंपरवाले म्हणाले, आमचे सगळे डंपर कोन गावचा भरत पेंटर रंगवायचा. भरत म्हणजे काशिरामचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्या 'र'ला काशिराम उघड उघड लंगडा म्हणायचा. तरीही तो बस पकडून कोनला गेला.

भरत अंगणात ऊन खात बसला होता. पूर्वीचं वैर आता दोघांच्याही गुडघ्यांत उतरलं होतं, त्यामुळे भेट गोड झाली.

"ते वचन होय? ते मी मासळीच्या एका टेम्पोवरून उतरवलं," भरत म्हणाला. "निळा टेम्पो. सकाळी पनवेलच्या बाजारात उभा असायचा. अक्षर झकास होतं. खाली काशिराम लिहिलेलं, म्हटलं असतील कोणी महाराज, नाव गाळून पाप कशाला घ्या? तसंच्या तसं उतरवलं."

"अरे, ती माझी सही होती!"

"तुझी?" भरत सरळ होऊन बसला. "तू तर के. पेंटर. तुझं नाव काशिराम आहे हे मला काय स्वप्नात दिसणार?" आणि मग दोघंही इतके हसले की भरतची सून बाहेर येऊन बघून गेली. पेंटर लोकांची ही खोड जुनीच आहे. समोर जे दिसेल ते काना-मात्रेसकट उतरवायचं, अर्थ बघायचं काम गिऱ्हाइकाचं. एका पेंटरनं सही केली, दुसऱ्यानं तिचा संत केला, आणि मोबाईलवाल्यांनी त्याला दाढी लावली.

निळा टेम्पो म्हटल्यावर काशिरामला पुसटसं आठवलं. एक कोळीण. टेम्पोच्या मागे उभी राहून तिनं काय लिहायचं ते तोंडी सांगितलं होतं आणि ते त्यानं शाळेतल्या मराठीत बसवलं होतं. चेहरा काही आठवेना. तो तडक मासळी बाजारात गेला आणि ओळीनं बसलेल्या बायकांना आपली ओळख सांगून निळ्या टेम्पोचं विचारू लागला. तिसऱ्या की चौथ्या बाईनं कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यात कृष्णाबाई बसली होती. ऐंशीच्या घरातली, पाठीचं धनुष्य झालेलं, पण आवाज पार दरवाजापर्यंत पोचणारा. पुढ्यात बोंबलांची रास.

"निला टेम्पो माज्या दिराचा व्हता," ती म्हणाली. "मीच लिवाला सांगलेला. तू तवा अंगान बारीक व्हतास."

"मग ते वचन तुमचं, मावशी?"

"वचन कसला? बोलले मी." तिनं गिऱ्हाइकाला वाटा दिला आणि मग निवांत सांगायला लागली. कारगिलच्या लढाईची गोष्ट. तिचा मुलगा विनायक तिकडे वर डोंगरात होता आणि त्याचं कितीतरी दिवसांत काही कळलं नव्हतं. एके दिवशी बाजारात फटाके वाजले. एक व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन ओळीनं वाटत आला. मावशी, जिंकलो, तोंड गोड करा, म्हणाला. "माज्या हातान पेढा, न माजा तोंडच उघडं ना. मी त्याला बोलले, लडाई कोन जिकला ता नंतर बगू रं बाबा, आदी घरा कोन कोन आला ता सांग."

व्यापारी तिथेच उभा राहिला, ती म्हणाली, आणि पुढचे पेढे त्यानं वाटलेच नाहीत.

"पन ता काय मी डोक्यातून काडलेला नाय," कृष्णाबाई पुढे म्हणाली. "आपले बंदरावर हाच इचारतान. तू कोली ना? इसरलास?"

तिनं असं विचारल्यावर काशिरामला लहानपणचं बंदर आठवलं. तो खरंच विसरला होता. वारं फिरलं की सगळ्या बायका बंदरावर येऊन उभ्या राहायच्या. आईच्या लुगड्याचा पदर धरून तोही असायचा. होडी दिसली तरी कोणी बोलत नसे. नांगर टाकायच्या आधी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, पुढे नाळेवर यायचा आणि दोन्ही हात तोंडाशी धरून होडीतल्या एकेका माणसाचं नाव पुकारायचा. वडिलांचं नाव आलं की आईचा हात सैल पडायचा. सगळी नावं होईपर्यंत मासळी किती, जाळं फाटलं की राहिलं, कोण कुणाशी भांडलं, यातलं काहीएक विचारायचं नाही अशी त्या बंदराची रीत होती.

"आणि विनायक?" त्यानं घाबरत घाबरत विचारलं.

"आला ना! दिवालीला आला," कृष्णाबाईचा चेहरा उजळला. "गल्लीचे तोंडावर उबा रायला न तांडेलावानी नावं पुकारली. पयला त्याचा सोताचा. मंग त्याचे बरोबरचे सगले, पंजाबी, मद्राशी, कोन कोन. आमाला एक नाव ठावं नाय, पन सगल्या बाया कामं सोडून उब्या रायल्या. ज्यांचा नाव नाय घेतला, त्यांचा त्यानं सांगला नाय न आमी इचारला नाय." तिनं डोळ्यांना पदर लावला. "तवा टेम्पोवर लिवून घेतला. परत कोन पेढं घेऊन आला त वाचल म्हनून."

मग तिनंच विचारलं, "तुजे घरान मानसं किती?"

"दोघं."

"पोर नाय?"

"आहे. खांदा कॉलनीत असतो."

"खांदा कॉलनी काय बॉर्डरवर हाय?" तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "भांडन जाला?"

"हो."

"कोन जिकला?"

काशिरामनं तोंड उघडलं. चार वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. आता ते सांगायची त्याला लाज वाटली. तरी खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून हळूच म्हणाला, "मी."

"बरा जाला," कृष्णाबाई म्हणाली आणि पिशवीत बोंबील भरू लागली. "ने हे. दोगांना पुरतील."

निघताना त्यानं भिंतीवर तिचं नाव घालायचं विचारलं. तिनं झटक्यात नाही म्हटलं. नाव घालायचं तर बंदरावर उभ्या राहिलेल्या सगळ्यांचं घाल, म्हणाली, आहे का तेवढी तुझी भिंत? काशिरामनं तिथूनच किशोरी मॅडमना फोन लावून सगळी हकिकत सांगितली. वचनाखाली 'बंदरावरच्या बाया' एवढंच लिहू या, म्हणाला.

"कमिटीला मी बघते," मॅडम म्हणाल्या. "आणि काळ काय लिहायचा, काका?"

"काळ अजून चालूच आहे, मॅडम."

जानेवारीत भिंत सुरू झाली. नावं रंगवून झाली, वचनाची अक्षरं झाली. राहिली ती डोक्यावरची रेघ. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चाकांच्या परांचीवर उभं राहून, कुठेही न थांबता मारायची. काशिराम वर चढला, ब्रश भिजवला, दम रोखून पाहिला, तर तो निम्म्या भिंतीलाही पुरेना. खाली उतरून त्यानं बिडी पेटवली. कोणी परांची ढकलायला ठेवता आला असता, पण तेवढ्यानं भागणारं नव्हतं. अशी रेघ मारणारा दुसरा हात अख्ख्या पनवेलमध्ये एकच होता, आणि तो त्यानंच तयार केला होता. बिडी संपेपर्यंत तो भिंतीकडे बघत बसला. समोर हातभर अक्षरात लिहिलं होतं ते त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखं वाचलं. मग उठला आणि खांदा कॉलनीची रिक्षा केली. रिक्षाच्या पाठीवरही तेच वचन होतं. आता देवच हात धुऊन मागे लागला म्हटल्यावर काय करणार?

जीवनच्या दुकानात मशीन घरघरत होतं. सून कीर्ती कॉम्प्युटरवर बसली होती. सासऱ्याला दारात बघून ती उठली आणि तिनं आधी मशीन बंद केलं. त्या शांततेत जीवननं मान वर केली. बापाच्या कपाळावर रंग लागलेला होता, हातात ओला ब्रश तसाच होता.

काशिरामनं रस्ताभर बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं सोडून त्यानं ब्रश पुढे केला.

"रेघ मारायची राहिली आहे," तो म्हणाला. "मला आता एका दमात जमत नाही."

जीवन उभा राहिला. "किती लांब आहे?" त्यानं विचारलं.

"खूप लांब आहे रे," काशिराम म्हणाला.

जीवननं पुढे होऊन बापाच्या हातातला ब्रश घेतला, बोटानं केस तपासले. "हा चालायचा नाही. केस गळतायत याचे," तो म्हणाला, आणि टेबलाच्या खालच्या खणातून कापडात गुंडाळलेला आपला जुना ब्रश काढला. केस तेलात राखलेले, मऊ. फ्लेक्सच्या दुकानात तो कशासाठी जपून ठेवला होता, हे काशिरामनं विचारलं नाही.

त्या दुपारी परांचीवर जीवन होता आणि खाली काशिराम ती ढकलत होता. जीवननं श्वास रोखला. कीर्ती आणि शाळेतून आलेला आर्यन फुटपाथवर उभे होते. त्यांनाही कोणी सांगायची गरज पडली नाही, गप्प राहिले. रेघ त्या टोकाला पोचली. मधे एका ठिकाणी ती केसभर खाली आली होती. काशिरामला ती लगेच दिसली, कारण त्याला दिसणारच. त्यानं ओठ दाबून धरले आणि "छान झाली" म्हणाला. जीवननं वरून त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

मग काशिरामनं सही केली. यावेळी वचनाच्या आसपासही नाही. पार गेटजवळच्या कोपऱ्यात, 'रंगकाम: काशिराम आणि जीवन, पेंटर' असं स्वच्छ लिहिलं. पुन्हा कोणी दोघांना संत केलं तर भानगड नको.

दिवेलागणीला चौघं गल्लीत शिरले. वर गॅलरीतून भामाचा कुकर ऐकू येत होता. जीवन जिन्याकडे वळला तसा काशिरामनं त्याला हातानं थांबवलं. तो गॅलरीखाली जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

"काशिराम!" त्यानं पुकारलं.

शेजारच्या इस्त्रीवाल्यानं डोकं बाहेर काढलं. म्हाताऱ्याला स्वतःलाच हाका मारताना बघून त्याला वाटलं, गेला कामातून.

"जीवन!" आता काशिरामचा आवाज चढला. "कीर्ती! आर्यन!"

भामा बाहेर आली. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धा साफ केलेला बोंबील. ती कोळीवाड्यातच वाढलेली, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं कठडा धरला आणि खाली उभ्या असलेल्या एकेकावर नजर फिरवली, पुन्हा एकदा पहिल्यापासून फिरवली. खालून कोणी हललं नाही.

"आली सगली," ती म्हणाली.

कोण कुणाच्या दारात आधी गेलं, माफी कुणी मागितली, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही आणि आजवर विचारलेलं नाही. डोळे पुसत ती आत गेली आणि तिनं आणखी तांदूळ धुवायला घेतले.